दिराने बसवलेला टेप

अकरा जानेवारी, रविवार. काम: धाकट्या दिराने माझ्या गाडीत बसवलेला टेप काढायचा आणि माझा साधा टेप बसवायचा.

गाडी माझ्या पगाराची. नांदेडहून उमरीच्या शाळेत मी तीच घेऊन जाते. रविवारी मात्र ती दीर गावाहून येऊन नेतो. विचारणे त्याने केव्हाच सोडले. दिवाळीनंतर त्याने मला न सांगता तिच्यात मोठा टेप बसवला आणि गावभर सांगितले, वैनीला भेट दिली. भेट कसली, कब्जा होता. शेतात गाडी उभी करून चावीशिवाय गाणी ऐकता यावीत म्हणून त्याने कंपनीचा सॉकेट कापून टेपच्या पिवळ्या-लाल दोन्ही वायरी कायम करंटच्या वायरीला पिळल्या होत्या. टेप चालू राहिला की सकाळी बॅटरी झोपलेली. दोनदा मी शाळेला उशिरा पोचले. पुन्हा झाले तर वर कळवीन, असे मुख्याध्यापकांनी बजावले.

फिटरकडे गेले नाही. सगळे फिटर दिराचे दोस्त. मी दुकानात पोचायच्या आत त्याला फोन गेला असता.

बॅटरीची मायनस वायर काढली. उलथण्याला फडके गुंडाळून डॅशबोर्डची पट्टी उचकटली, स्क्रू सोडवले, टेप ओढून बाहेर घेतला. तेवढ्यात दीर हजर.

"वैनी, हे काय चालवलंय?"

"टेप काढून राहिले."

"तो म्या बसवलेला हाय."

"म्हणूनच. जाताना घेऊन जावा, भावजी."

"पोरं खोळंबलीत. माहूरला जायचंय."

"एसटी जाते की माहूरला. देवीला चालते."

तो ओट्यावर पेपर वाचणाऱ्या माझ्या नवऱ्याकडे वळला. "दादा, सांगा की."

"मला वायरीतलं काही कळत नाही," नवऱ्याने पान उलटले. कशातलेच कळत नसल्याचा त्याला संसारभर फायदा झाला आहे.

मायनस परत लावली, टेस्टिंग बल्बने वायरी तपासल्या, माझ्या साध्या टेपला जोडल्या. टेप लागला. चावी काढली, तरी वाजतच राहिला. दीर खदखदून हसला.

"मास्तरीणबाई, फळ्यावर लिहिण्याइतकं सोपं न्हाई ते. उद्या गाडी चालू झाली न्हाई तर मला फोन करू नका."

मी चावी फिरवलेलीच ठेवून वायरी तपासल्या होत्या. त्यामुळे कायम करंटवालीवरही बल्ब लागला आणि लाल वायर मी तिलाच जोडली. आता चावी चालू-बंद करत पुन्हा तपासले, लाल वायर चावी फिरवल्यावरच करंट येणाऱ्या वायरीला जोडली. चावी काढताच टेप गप्प.

हसू थांबले. "ठीक हाय. दुसरी चावी माझ्यापाशीच हाय. पुढच्या ऐतवारी बघू," म्हणाला आणि आपला टेप तिथेच टाकून गेला.

सोमवारी गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली. उमरीच्या अलीकडे दिराचे गाव लागते. त्याच्या दारात गाडी उभी केली आणि हॉर्नवरचा हात उचललाच नाही. आधी शेजारी बाहेर आले, मग तो, बनियनवर, तोंडात ब्रश.

"वैनी, या, चहा घ्या."

"चावी द्या."

"लोकं बघून राहिलेत."

"बघू द्या."

चावी त्याच्या बायकोने आतून आणली आणि त्याला वळसा घालून माझ्या हातात दिली. त्याचा टेप मी तिच्याकडे दिला, काच वर केली आणि शाळा भरायच्या आत उमरीत पोचले.