भिंतीवरच्या स्की

"मला घाई नाही, पण थांबायलाही वेळ नाही," असं गुनवोर येता-जाता म्हणायची. कुणी कॉफीला बसवू लागलं तरी हेच, कुणी तब्येत विचारली तरी हेच. स्कारदालच्या खोऱ्यात तिच्याइतकी तोंडाळ म्हातारी दुसरी नव्हती, आणि इतकी ताठ मानेने चालणारीही नव्हती.

तिच्या बापाने दोन मुलींसाठी एकाच बर्चच्या झाडातून स्कीच्या दोन जोड्या कोरल्या होत्या. धाकटी तोने लग्न होऊन वरच्या वाडीला गेली. हिवाळ्यात तिकडचा रस्ता बर्फाखाली गडप होतो. म्हणून पहिला बर्फ बसला की येणाऱ्या रविवारी गुनवोर स्कीवरून वर जायची आणि तोने खिडकीत डोळे लावून बसायची. तोनेला ऐकू येत नसे, त्यामुळे फोनचा उपयोग नव्हता.

गेल्या हिवाळ्यात गुनवोरचा पाय मोडला. वर ना ती पोहोचली, ना तिचा निरोप. बहीण गेली असं समजून तोनेने तिच्या नावाने मेणबत्ती लावली. उन्हाळ्यात भेट झाली तेव्हा दोघी त्यावर पोट धरून हसल्या. पण परतताना गुनवोरचे ओठ घट्ट मिटलेले होते. यंदा काहीही झालं तरी जायचंच, हे तिने तेव्हाच ठरवलं.

पाय मोडला तेव्हा तिने स्की गावच्या नव्या म्युझियममध्ये टांगायला दिल्या होत्या. खोऱ्याची रीतच तशी. ज्याची भिंत कोरडी, त्याच्याकडे स्की टांगायच्या आणि बर्फ पडला की न विचारता काढून न्यायच्या. स्कीच्या जुन्या दिवसांचं ते म्युझियम, भिंत कोरडी ठणठणीत. गुनवोरला त्यात वावगं दिसलं नाही.

यंदाचा पहिला बर्फ बसला. रविवारी सकाळी ती म्युझियममध्ये शिरली आणि थेट भिंतीकडे गेली. शहरातून आलेली व्यवस्थापक मारेन धावत आली.

"आजी, हात नका लावू! ती म्युझियमची वस्तू आहे."

"मी तुझी आजी नव्हे. आणि ही माझी वस्तू आहे."

"तुम्ही ती आम्हाला दिलीत ना?"

"टांगायला दिली! शेजाऱ्याची गाय वर्षभर तुझ्या गोठ्यात बांधली, तर ती तुझी होते का गं?"

मारेन लाल झाली. "लोक लांबून ही जोडी बघायला येतात."

"माझी बहीण खिडकीत बसून मला बघायला थांबलीय. तिला काय भिंत दाखवू?"

तिने स्की उतरवल्या आणि उलट्या केल्या. तळाला वर्षानुवर्षं आगीवर मुरवलेलं, चढावर बर्फ धरून ठेवणारं पाइनचं काळं डांबर खरवडून काढलेलं होतं. लाकूड व्हार्निशने आरशासारखं चकाकत होतं. गुनवोरने त्यावरून अंगठा फिरवून पाहिला.

"कुणी केलं हे?"

मारेन म्हणाली, "चांगल्या दिसाव्यात म्हणून..."

"कुणी?"

दाराशी म्युझियमचा राखणदार हालवार उभा होता, तिच्याच आळीतला. त्याने टोपी काढली. "ब्रश माझ्या हातात होता, गुनवोर. सांगितलं तसं केलं."

"तू? यांच्यावर चढ चढता येईल का रे? एक पाऊल वर, दोन खाली! शेळी सोलावी तशा सोलून ठेवल्यात तुम्ही दोघांनी!"

ती तिथेच गुळगुळीत फरशीवर फतकल मारून बसली आणि खिशातल्या चाकूने व्हार्निश खरवडू लागली.

"मी पोलिसांना बोलावते," मारेन ओरडली.

"बोलाव. पोलीस खिंडीपलीकडे बसतो. रस्ता बंद आहे."

हालवार आतून डांबराचा डबा आणि ज्योतीचा झोत सोडणारी पेटती बत्ती घेऊन आला.

"हालवारकाका, तुमची नोकरी म्युझियमची आहे!"

"त्याचं उद्या बोलू, बाई," तो म्हणाला आणि स्की अंगणात घेऊन गेला.

बत्तीच्या आचेवर डांबर बुडबुडलं, लाकडात उतरलं, अंगणभर कडवट धूर पसरला. गुनवोर त्याच्या डोक्यावर उभी राहून बोलतच होती. टाचेशी कमी लावलंस, टोकाशी जाळलंस, तुझ्या बापाने हे पाहिलं असतं तर तुला घरात घेतलं नसतं. हालवार फडकं फिरवत राहिला. आभाराचा एक शब्द तिच्या तोंडून निघाला नाही.

पट्टे आवळून तिने काठ्या रोवल्या. पहिला चढ धरला. स्की मागे घसरल्या नाहीत. झाडांच्या काळ्या रांगेत तिचा डोक्याचा लाल रुमाल वर वर जात लहान होत गेला. अंगणात डांबरलेल्या हातांनी हालवार उभा राहून पाहत होता आणि काचेच्या दाराआड मारेन, अजून रागाने हाताची घडी घालून.