दामलेचा हिवताप

आमच्या मेडिकल कॉलेजच्या तुकडीतले आम्ही चौघे-पाच जण अजून कधीमधी भेटतो. चहा येईपर्यंत जुन्या रोग्यांची आठवण निघते आणि चहा संपेपर्यंत गाडी दामलेवर येते. किस्से सगळे त्याचेच. माझा एकही नाही, याचं मला तेव्हाही वाईट वाटायचं, आजही वाटतं.

आमच्या सरांनी हिवतापाच्या अभ्यासासाठी कर्जत निवडलं, तेव्हा मला वाटलं, आता आपली पाळी. गाव माझं. वडील कर्जतच्या कोर्टात वकील, घर दहिवलीला, आणि सर, मी, दामले तिघंही उतरणार आमच्याच घरी. ज्याचं काम चांगलं, त्याला सर आपल्या प्रयोगशाळेत घेणार होते. दामले गिरगावातला. भाताचं शेत त्यानं गाडीच्या खिडकीतून पाहिलेलं. याच्याशी कसली स्पर्धा, म्हटलं.

*

पहिलं काम पोरांची पोटं तपासायचं. हिवताप मुरला की पानथरी वाढते, ती डाव्या बरगडीखाली हाताला लागते. घाटात विजेचं इंजिन तेव्हा नवं होतं. ते बघत बसलेली ठाकुरवाडीची पोरं मी हात पुढे करताच रानात पसार झाली.

दामलेनं सदरा वर केला आणि सरळ जमिनीवर आडवा झाला. "आधी तुम्ही माझं पोट बघा," म्हणाला.

एक चिमुरडी धीर करून आली, तिनं त्याचं पोट चांगलं चेपलं आणि रानाकडे ओरडली, "या रं समदी. याला कायबी नाय."

मग रांग लागली. माझ्याकडे तीन पोरं आली, तीसुद्धा त्याच्या रांगेत ढकलाढकली झाली म्हणून.

*

खालापूरच्या बाजूला डासांच्या अळ्या शोधायच्या होत्या. सरांना पाण्यावर आडव्या तरंगणाऱ्या हव्या होत्या, हिवतापाच्या डासाच्या अळ्या त्याच. मी सकाळपासून पळी घेऊन खाचरं उपसत होतो. पायाला जळवा लागल्या, अळी एक मिळाली नाही.

दामले ओढ्यात घसरून पडला. त्याची हॅट वाहत जाऊन कडेच्या डबक्यात अडकली. ती त्यानं काढली, तर आत पाणी आणि पाण्यात अळ्या. सगळ्या आडव्या.

सरांनी हॅट दोन्ही हातांत धरून उन्हाकडे केली. "जोशी," ते मला म्हणाले, "पाणी निवडायला नजर लागते."

दामले अजून कान झटकत होता.

*

घरी तरी सुख असावं. माझी आई मला कधी दुसऱ्यांदा "वाढू का" विचारत नसे, मी नको म्हणतो हे तिला ठाऊक. दामलेनं पहिल्याच दिवशी वालाचं बिरडं तीनदा मागून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून दुधावरची साय त्याच्या वाटीत जाऊ लागली.

"आई, मला?" मी विचारलं.

"तुला कुठं आवडते?" आई म्हणाली. "आणि तो पाहुणा आहे रे. किती मनापासून जेवतो बघ."

*

ठाकुरवाडीतल्या एका बाईचं पोर तापानं फणफणलं होतं. दामले त्या दिवसांत दुसऱ्या वाडीत होता. मी एकटा रोज चढून गेलो, पोराचं नाक धरून त्याला हिवतापाचं औषध, कोयनेल, पाजलं. पोर उठून बसलं.

पुढच्या आठवड्यात ती बाई मधाचं मडकं घेऊन दहिवलीला आली आणि ते दामलेपुढे ठेवलं. दामले भला माणूस. तो म्हणाला, "बाई, औषध यानं दिलं. मी नव्हतोच."

तिनं मला नीट न्याहाळलं. "ह्यो? ह्यो तं कडू पाजणारा," ती म्हणाली आणि मडकं आणखी थोडं दामलेकडे सरकवलं.

*

आणि मग दामलेलाच हिवताप झाला.

हिवताप होऊ नये म्हणून आम्हीही रोज कोयनेल घ्यावं असा सरांचा हुकूम होता. मी घेत होतो, दामले विसरायचा. एका दुपारी तो आमच्या ओसरीवर कुडकुडायला लागला. आईनं घरातल्या सगळ्या गोधड्या त्याच्यावर घातल्या. सरांनी त्याच्या बोटाचं रक्त काचपट्टीवर घेतलं, रंगवलं, आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला तो बराच वेळ काढलाच नाही.

"इतकी स्वच्छ स्लाइड मी कित्येक वर्षांत पाहिली नाही," ते अखेर म्हणाले. "बघ जोशी, एकेक जंतू कसा अंगठीसारखा. कॉलेजात हीच दाखवायची."

मी पाहिलं. सुंदर होती.

संध्याकाळी मी परसातल्या हौदाच्या काठावर जाऊन बसलो. बाह्या कोपरांच्या वर केल्या आणि हात मांडीवर पसरून ठेवले. डास आले, चावले. मी हललो नाही.

खिडकीच्या आत दामलेची खाट होती. गोधड्यांतून त्यानं डोकं बाहेर काढलं आणि माझे उघडे हात पाहिले. त्याचे दात वाजत होते.

"जोश्या," तो म्हणाला, "तुझ्यानं नाही व्हायचं ते. तू कोयनेल वेळेवर घेतोस."