खोलीची शांतता

आमच्या दिग्दर्शकांच्या थरारपटात भीतीच्या क्षणी संगीत नसायचं. ती त्यांची खासियत. बाई एकटी बसून बंद दाराकडे बघतेय आणि ऐकू येते ती फक्त त्या खोलीची शांतता. तीही त्याच खोलीची हवी, असा त्यांचा हट्ट. म्हणून शूटिंग संपलं की अख्खं युनिट मिनिटभर गप्प उभं राहायचं आणि ते मिनिट मी रेकॉर्ड करायचो. मी त्यांचा ध्वनिमुद्रक.

वर्सोव्याच्या कोळीवाड्यातल्या घरातही सगळे उभे राहिले. मी बटण दाबलंच नव्हतं. हे अंधेरीच्या स्टुडिओत आठवड्याने लक्षात आलं. तेव्हाच सांगायला हवं होतं. त्याऐवजी बोरिवलीला माझ्या घरी, दुपारी पंखे बंद करून, हॉलमधलं एक मिनिट रेकॉर्ड केलं आणि कोळीवाड्यातल्या प्रसंगाला लावलं.

दिग्दर्शक खूश झाले. "काय पकडलंयस रे! तिथे कोणीतरी आहे असं वाटतं." मग बराच वेळ त्या घराच्या ओल्या भिंतींबद्दल बोलत राहिले. मी मान हलवत होतो.

रिलीजआधी घरच्यांसाठी शो ठेवला होता. तो प्रसंग आला आणि बायको कानाशी पुटपुटली, "हा आपला फ्रीज आहे."

"गप गं."

"अरे, बंद होताना ठक् करतो तो. रोज ऐकते मी."

रिक्षात तिने विचारलं, "त्यांना सांगितलंस?"

"वाट लागेल माझी."

"मी तेव्हा घरातच होते ना? आतल्या खोलीत?"

होती. तिच्या आईच्या ऑपरेशनला मी शूटिंग सोडून गेलो नव्हतो, म्हणून तीन दिवस आमचं बोलणं बंद होतं. रेकॉर्डिंग करतोय हेही मी तिला सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, "म्हणजे माझं न बोलणं पण वापरलंस."

दुसऱ्या दिवशी दिग्दर्शकांना सगळं सांगितलं. ते चिडतील अशी तयारी होती. त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"घरात कोण होतं?"

"बायको. बोलत नव्हती."

त्यांनी ते मिनिट डोळे मिटून पुन्हा दोनदा ऐकलं. रागावलेलं माणूस मिनिटभराच्या शांततेत ऐकू येतं का, हे त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मलाही. फ्रीजचा आवाज काढून ऐकलं, तरी कोणीतरी असल्यासारखं वाटत राहिलं. आता आम्हाला माहीत होतं म्हणून वाटत होतं की काय, ते ठरवता येईना.

शेवटी ते म्हणाले, "पण सिनेमातली ही बाई एकटी आहे. उद्या वर्सोव्याला जा."

गेलो. घरमालकीण सुकत घातलेले बोंबील उलटवत होती. "आरं, रिकाम्या घरान काय ऐकाला येतंय?" म्हणून हसली, पण दार लावून बाहेर थांबली. या वेळी बटणावरचा लाल दिवा मी तीनदा तपासला.

दिग्दर्शकांनी नवं मिनिट ऐकलं. "आधीचं जास्त भीतीदायक होतं," म्हणाले, आणि नवं लावलं. प्रसंग थोडा फिका झाला, असं मला आजही वाटतं.

पुढच्या चित्रपटाला त्यांनी मला बोलावलं नाही. हे होणार, ठाऊक होतं. तरी महिनाभर मी फोन हातातून खाली ठेवत नव्हतो.