वऱ्हाडाच्या पुढे रोलर

भिवंडीहून शेलार, अंबाडी करत वज्रेश्वरीला जाणाऱ्या राज्य महामार्गावरून आज गाड्या सुसाट जातात. जाऊ देत! पण अकलोलीच्या अलीकडे, माझ्या माहेरच्या दारापुढे, रुंद झालेल्या या रस्त्यावरून पहिली गाडी माझ्या लग्नाची आली, हे ऐकवल्याशिवाय मी कुणाला सोडत नाही.

ऐंशीच्या दशकात तो रस्ता रुंद करायला घेतला. जुनं डांबर उखडलं, खडीचे ढीग पडले आणि नेमकं आमच्या गावाशी काम रेंगाळलं. त्यातच माझं लग्न जमलं. मुलगा शेलारचा, मला मनापासून आवडलेला. सासरे मात्र हेकट. बोलणीत सगळ्यांदेखत त्यांनी बजावलं, "गाडी दारात आली तरच लगीन. आमचं वऱ्हाड खडीतून चालनार न्हाय."

"गाडी दारात येल," वडील म्हणाले. कशाच्या जोरावर, देव जाणे.

लग्नाच्या दिवशी वऱ्हाडाची बस घरापासून हाकेच्या अंतरावर अडली. पुढे नुसती मोकळी खडी. सासरे खाली उतरेनात. मी मुंडावळ्या बांधून खिडकीत उभी. रडू येत होतं, आणि खरं सांगायचं तर त्याहून जास्त राग येत होता.

तेवढ्यात रोलर चालवणारा पुढे झाला. माणूस उत्तरेकडचा, काम सुरू झाल्यापासून दुपारचं ताक आमच्याच ओटीवर प्यायचा. वडिलांना म्हणाला, "चाचा, दूल्हे को मेरे पास बिठाओ. बस पीछे-पीछे आने दो."

नवरदेव फेटा सावरत रोलरवर चढला. पुढे बँजो पार्टी, मागे धडधडणारा रोलर आणि दाबलेल्या खडीवरून हळूहळू येणारी बस. वेग असा, की गोगलगाय बरी! भटजी सारखे घड्याळ बघत होते. मी मात्र धुळीने पांढरा झालेला, वर बसून हसणारा माझा नवरा बघत होते. असा रुबाब घोड्यावरच्या कुठल्या नवरदेवाचा मी अजून पाहिलेला नाही.

बस मांडवापाशी येऊन थांबली. सासरे उतरले. वडिलांनी त्यांना हात दिला.

"काय व्याही, आली का न्हाय गाडी दारात?"

सासऱ्यांनी आधी बसकडे पाहिलं, मग रोलरकडे.

"एक न्हाय, दोन आल्या," ते म्हणाले आणि त्यांनी वडिलांना कडकडून मिठी मारली. आमची व्याहीभेट मांडवात झालीच नाही, ती त्या रस्त्यावर झाली.