घटात पेरलेलं सफरचंद

अगं ए, फोन नीट कानाला लाव अन् ऐक. फोन केलास की आधी विचारतीस, आजी, बिया कशा हायत? आजी कशी हाय, ते एकदाबी न्हाय. लेकीची लेक तू, तुला काय बोलायचं. तरी सांगते, कारण मधे तुझ्या बियांचं काय झालं ते मी तुला आजवर कळू दिलं नव्हतं.

गणपतीला आलतीस तेव्हा तिकडं उत्तरेच्या थंड डोंगरातल्या तुझ्या भाड्याच्या घरामागचं सफरचंदाचं झाड रस्त्यासाठी तोडून झालं होतं. शेवटच्या फळांच्या बिया तेवढ्या रुमालात बांधून आणल्यास. बदली कुठं होणार ते ठरलं नव्हतं, म्हणून त्या माझ्या गळ्यात. ओलसर काथ्याच्या भुशात डबीत ठेवायच्या, डबी फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात, अन् हिवाळाभर हात लावायचा नाही. थंडी सोसल्याशिवाय हे बी जागंच होत नाही, असं समजावलंस. मला पटलं. मटकी एका रात्रीत मोड काढते, म्हणून तर तिची मिसळ होते, झाड होत नाही.

नवरात्रात वन्सं आल्या. तुझ्या आजोबांची थोरली बहीण, उचगावची. माहेरचा घट दरवर्षी आपल्याच हातानं मांडायचा, हा त्यांचा हट्ट. घरात पाऊल टाकलं की आधी माझा फ्रिज उघडायचा, देवाला हात नंतर, ही त्यांची भक्ती. विड्याची पानं शोधता शोधता तू 'सफरचंद' लिहिलेली डबी सापडली. मी झेंडू आणायला गेलते. परत येऊन बघते तर पत्रावळीवर माती पसरून, गहू-जोंधळ्यात तुझ्या सगळ्या बिया पेरून, वर घट बसवून, दिवा लावून बाई मोकळ्या.

बसवलेला घट दसऱ्यापर्यंत हलवत नाहीत. हे त्यांना ठाऊक अन् मलाही. मी बोट लावलं असतं तर साऱ्या भावकीत बोंब झाली असती. म्हणून रोज माळ चढवायची अन् दिव्यानं कोमट झालेल्या त्या ओल्या मातीकडं बघत बसायचं. आत कुजतंय की टिकलंय, कळायला मार्ग नाही. वन्सं मात्र हळदीकुंकवाला येईल तिला सांगायच्या, आमच्या घटात यंदा सफरचंद उगवणार. बायकाही तसल्याच. वाकून वाकून बघायच्या. एकीनं तर फोटो काढला. गव्हाच्या कोंबाचा.

दसऱ्याला गहू चांगला वीतभर वाढला, सफरचंदाचा पत्ता नाही. वन्संनी मातीत नजर टाकून निकाल दिला.

"बीच वांझ हाय. देवीनं न्हाय घेतलं. टाक जा तुळशीत."

"वन्सं, देवी नऊ दिवसांत सगळंच देत असती, तर तुमचा ल्योक धावी पयल्या झटक्यात पास झाला असता की."

त्या रुसल्या. आधी पुरणपोळी जेवल्या, मग रुसल्या.

मी ती माती परातीत घेऊन रव्याच्या चाळणीनं चाळली. निम्म्याच्या वर बिया बोटात चिरडल्या, वास मारत होत्या. ज्या घट्ट लागल्या त्या धुतल्या, नव्या भुशात घातल्या, अन् हिवाळा पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. डबीवर मेथीच्या जुड्या रचल्या. वन्संना मेथी निवडायचा कंटाळा, त्यामुळं तिकडं त्यांचा हात जात नाही.

संक्रांतीनंतर डबी उघडली तर तीन बियांना पांढरी शेपटी. दुधाच्या पिशव्यांना भोकं पाडून त्यांत लावल्या. आता बोटाएवढी रोपं हायत. अन् ऐक, वन्सं गावभर सांगतायत, माझ्या घटानंच ती उगवली. एक रोप उचगावच्या फाटकापाशी लावायला द्या म्हणाल्या. तिथं दुपारच्या उन्हात कुत्रंसुद्धा उभं राहात नाही. वर शहाणपण शिकवतात, बियाचं झाड आईसारखं निघत नसतंय म्हणे. मी म्हटलं, आमच्या घरात कोण निघालंय? निघालं नाही तर नाही, मूळ तर त्याच झाडाचं.

परवा रंगपंचमी झाली. मागच्या सावलीतसुद्धा पानांच्या कडा करपायला लागल्यात. कोल्हापूरचा चैत्र ही रोपं काढणार नाहीत, अन् मी दुपारी डोळा मिटला की उचगावाहून उठसूट येणाऱ्या वन्संचा हात पिशवीपर्यंत जाणारच. तुझी बदली झाली ना पुन्हा डोंगरात? मग रजा टाक अन् या आठवड्यात ये बाई. दोन दिवस राहा, मला बघ, अन् जाताना ह्या रोपांना थंडीत घेऊन जा.