न मारलेली हाक

दुबईच्या जबल अली बंदराजवळच्या गोदामातली ती सकाळ आठवली की आजही हातातलं काम थांबतं. महाराष्ट्र पोलीस दलातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालो आणि मुलीकडे दुबईला, अल बर्शाला राहायला आलो. रिकामं बसवेना, म्हणून एका मालवाहतूक कंपनीत सुरक्षा प्रमुखाची नोकरी धरली. खाकी गेली तरी सवयी राहिल्या. सकाळी गार्डांची हजेरी, ड्यूटी वाटप, गेटवरची तपासणी. ठाण्यातला दिवसही असाच उजाडायचा, इथे फक्त कोठडी नव्हती. नावं कोणाचीच लिहीत नाही. ती माणसं हयात आहेत आणि त्यांना त्रास व्हावा अशी माझी इच्छा नाही.

त्या सकाळी एक उंच रॅक वाकला आणि वरचा माल खाली उभ्या असलेल्या कामगारावर कोसळला. हा कामगार साताऱ्याकडचा, वयस्कर. कामगारांच्या कॅम्पमध्ये सगळे त्याला मामा म्हणत. जीव वाचला, पण एक पाय पार चिरडला. वर माल ठेवत होता तो फोर्कलिफ्ट चालवणारा कोकणातला तरुण. तिथल्या पोलिसांनी पंचनामा केला, चालकाला देश सोडायला बंदी घातली आणि कंपनीकडून अहवाल मागवला. तो अहवाल माझ्याकडे आला.

दुसऱ्या दिवशी कँटीनवाल्याने मला बाजूला घेतलं. "साहेब, मेरा नाम मत लेना. परसों शाम को दोनों का झगडा हुआ था. ड्रायव्हर बोला, मामा को देख लूंगा."

अशी टीप मिळाली की पोलिसाचे कान टवकारतात. मी चालकाला खोलीत बोलावलं, चहा दिला आणि काही न बोलता बसून राहिलो. शांतता बहुतेकांना सहन होत नाही.

"भांडण झालं होतं साहेब, टीव्हीच्या रिमोटवरून," तो म्हणाला. "त्यासाठी कोण माणूस मारतं? रॅकचा खांब वाकलाय हे मी आदल्या दिवशीच सुपरवायझर भाऊंना सांगितलं होतं. ते म्हणाले, कंटेनर जाऊ दे, मग बघू."

सुपरवायझर अहिल्यानगरकडचा मराठी ख्रिस्ती. मवाळ बोलणारा, कुणाच्या घरी दुःख झालं की आधी पोचणारा. सुट्टीच्या दिवशी चर्चमध्ये मराठी मंडळीच्या उपासनेत प्रार्थना चालवायचा. मी विचारलं तेव्हा तो स्वच्छ म्हणाला, "नाही साहेब, मला कुणी काही सांगितलं नाही."

एका बाजूला धमकी देणारा तापट तरुण, दुसऱ्या बाजूला हा माणूस. कॅमेऱ्यात मामा चालत येताना आणि माल कोसळताना दिसत होता. सुपरवायझर चित्रात नव्हताच. अहवालाचा मसुदा मी चालकाच्या विरोधात तयार केला. तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला, "साहेब, मी सांगितलं होतं हो." असं सांगणारे मी आयुष्यभर ऐकले होते.

अहवाल सही करून पाठवायचा होता, त्या दुपारी सुपरवायझर माझ्या दारात उभा राहिला. अंगावर उपासनेचे कपडे होते.

"साहेब, माझा जबाब बदलायचाय."

मी त्याला बसवलं. तो म्हणाला, "आज प्रभुभोजन होतं. येशूच्या आठवणीत भाकर घेतात, ती घेण्याआधी आमचे धर्मगुरू, म्हणजे पाळक, सांगतात, प्रत्येकाने आपलं अंतःकरण तपासावं. हे मी लहानपणापासून ऐकतोय. दर वेळी डोळे मिटायचे, किरकोळ काहीतरी आठवायचं आणि हात पुढे करायचा. आज हात उठला नाही. उठून बाहेर आलो."

"चालकाने तुला खरंच सांगितलं होतं?"

"सांगितलं होतं. मी टाळलं, आणि नंतर नोकरीच्या भीतीने खोटं बोललो. पण साहेब, एवढंच नाही."

तो पुढे सांगू लागला.

"मी त्या गल्लीच्या तोंडाशी उभा होतो. रॅक कलताना मला दिसला. मामा खाली होता. 'मामा, मागे या' एवढंच ओरडायचं होतं. शब्द तोंडात आला होता. मी गिळला."

"घाबरला असशील," मी म्हणालो. "अशा वेळी माणसाला सुचत नाही."

"मला सुचलं होतं, साहेब. तेच तर सांगतोय. मामाने सगळ्यांसमोर मॅनेजरला सांगितलं होतं की मी आमच्या मंडळीतल्यांना चांगली शिफ्ट देतो. तो राग मनात होता. त्या क्षणी वाटलं, होऊ दे. क्षणभरच. मग ओरडलो, पण तोवर खलास."

"आणि मामाचं म्हणणं खरं होतं?"

"थोडं खरं होतं. म्हणून तर लागलं."

मी आयुष्यात पुष्कळ कबुलीजबाब घेतले. आरोपी आपला भाग कमी करून सांगतो. दारू होती, साथीदाराने भरीस घातलं, त्यानेच आधी हात उचलला. हा माणूस मी पुढे केलेली पळवाट परत करत होता. मी म्हणालो, "हे शेवटचं कुणालाच कळलं नसतं. का सांगतोस?"

"मी चांगला माणूस आहे असं धरून चाललो होतो. आत डोकावलं तर दुसराच कुणीतरी बसलाय. त्याला झाकून ठेवलं तर क्षमा कुणासाठी मागू?"

मी मसुदा फाडला. दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता आम्ही दोघं पोलिसांकडे गेलो. तक्रार दाबली आणि खोटं सांगितलं, याला कायद्यात जागा होती. गिळलेल्या शब्दाला नव्हती. तो भाग दुभाष्याने सांगितल्यावर समोरच्या अधिकाऱ्याने बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं आणि त्याच्यासमोर पाण्याची बाटली सरकवली. चालक सुटला. सुपरवायझरला दंड झाला, नोकरी गेली. पुढे अल क्वोज या कारखान्यांच्या भागातल्या एका वर्कशॉपमध्ये तो साध्या मजुराच्या कामाला लागला.

मामा शुद्धीवर आल्यावर सुपरवायझर इस्पितळात गेला, तेव्हा मी सोबत होतो. त्याने काहीही न वगळता सांगितलं. मामाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आत्ता गोळ्यांची गुंगी आहे, राग येत नाही. उद्या येईल. उद्या ये."

तो दुसऱ्या दिवशी गेला. मामाने त्याला नको नको ते बोलून घेतलं, त्याने मान खाली घालून ऐकलं. त्यानंतरही तो जात राहिला. मामाला गावी पाठवायची वेळ आली तेव्हा विमानतळावर व्हीलचेअर ढकलायला तोच होता. क्षमा केली का, हे मी मामाला विचारलं नाही. जाताना एवढंच ऐकलं, "हळू ढकल रे, पाय धडकतोय."

मला या प्रकरणाने एक गोष्ट शिकवली. पोलीस हाताने केलेल्या गुन्ह्यापर्यंत पोचतो. त्याआधी मनात काय घडतं, तिथे पंच नसतात, कॅमेरा नसतो. तिथे माणसाला स्वतःच साक्षीला उभं राहावं लागतं, आणि स्वतःच्या विरोधात. मी ख्रिस्ती नाही. पण आता एखाद्याबद्दल कडवटपणा मनात आला की मी त्याला कारणं देत बसत नाही. आधी विचारतो, या माणसावर आत्ता काही कोसळत असेल, तर मी हाक मारीन का? उत्तर दर वेळी 'हो' येतंच असं नाही.