चकाचकची गाडी आणि आईचा डोळा

पोटच्या पोराला नावं ठेवू नयेत म्हणतात. म्हातारीला ते काही जमलं नाही, आणि पोरानेही तिला तशी सवड दिली नाही. सगळी बिल्डिंग त्याला चकाचक म्हणायची. नवी चप्पल झिजेल म्हणून ती हातात धरून अनवाणी शाळेत जाणारा हा दिवटा! मोठेपणी गाडी घेतली, तर तिच्यात कुणाला बसू देईना. बायकोकडे लायसन होतं, पण तिच्या अंगठीचे ओरखडे उठतील म्हणून तिला स्टीअरिंगला हात लावायची बंदी. दर रविवारी हा पठ्ठ्या डॅशबोर्डला चकाकीचं तेल चोळत बसायचा. आईच्या गुडघ्यांना कधी चोळलं असेल तर शपथ.

म्हातारीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. नातीला ती आवाजावरून ओळखायची. बरेच महिने वाट पाहून एका डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली, आणि नेमकं त्याच आठवड्यात चकाचकला खूळ लागलं. गाडीच्या आतलं करडं प्लॅस्टिक म्हणे काळंभोर करायचं, आरशासारखं. मोबाइलवर कुणीतरी करताना बघितलं होतं, झालं!

दारांच्या आतल्या फळ्या, गिअरभोवतीची चौकट, कप्प्याचं झाकण, सगळं घरात आलं. म्हातारीच्या पलंगावर दोन फळ्या वाळत पडल्या आणि म्हातारी सोफ्यावर. रंगाच्या वासाने घरभर डोकी उठली. एवढं करून रंग धरेचना. इतकी वर्षं मुरलेलं तेल, त्यावर रंग बसतोय कशाला? पापुद्रेच्या पापुद्रे निघायला लागले. चकाचकने दुकानदाराला शिव्या घातल्या आणि पुन्हा पॉलिश पेपर घासायला घेतला.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी म्हणतो कसा, "आई, तारीख जरा पुढे ढकलूया का? शेवटचा हात वाळायचाय."

"तुझा रंग वाळेपर्यंत माझ्या डोळ्याने कळ काढायची होय रे मेल्या? टॅक्सी बोलाव."

"घरची गाडी असताना माझी आई टॅक्सीने? लोक काय म्हणतील?"

"मग घरचीच काढ."

"अशी उघडी? लोक हसतील!"

म्हातारीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सून दारातून सगळं ऐकत होती.

"इंजिन तर जागेवर आहे ना?" तिने विचारलं, आणि खुंटीवरची चावी काढून घेतली.

सकाळी दोघी निघाल्या. चकाचक आला नाही, हातातला ब्रश वाळला असता ना! दारांना नुसता पत्रा, खाली वायरी लोंबतायत, काच खाली करायची तर पकडीने. म्हातारीला यातलं काही दिसलं नाही. मोतीबिंदूचा तेवढाच काय तो फायदा. सुनेने मात्र गाडी अशी अलगद नेली की म्हातारीला वाटेत डुलकी लागली.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढायला मात्र रिक्षाने जावं लागलं, गाडी चकाचकने फळ्या बसवायला अडवून ठेवली होती. पट्टी निघाली तेव्हा समोर नात होती. तिच्या हनुवटीवर तीळ आहे हे म्हातारीला तेव्हा कळलं. ती पोरीला जवळ घेऊन ढसाढसा रडली. "अहो आई, डोळ्याला पाणी नको," सून ओरडत राहिली.

घरी पोचते तोच चकाचकने तिला हाताला धरून गाडीत नेऊन बसवलं. "आता बघ, कसं झालंय!"

म्हातारीने बघितलं. रंगाचे ओघळ दिसले, ब्रशचे केस दिसले.

"माशी चिकटलीय," ती म्हणाली. "आणि माझा डोळा कसा आहे, ते कधी विचारणार?"

"विचारणारच होतो गं," म्हणत तो नखाने माशी खरवडायला लागला.

दुसऱ्या डोळ्याची तारीख घ्यायला तिघंही दवाखान्यात गेली. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "आजी, ऑपरेशनला सोबत कोण असेल?"

"मी. मुलगा आहे मी त्यांचा," म्हणत चकाचक पुढे सरसावला.

म्हातारीने सुनेचा हात धरला. "ही येईल," ती बाईंना म्हणाली. "त्याला काम असतं."